पिस्तूल-प्रशिक्षण, स्वसंरक्षणार्थ

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर स्वतःच्या वा कुटुंबीयांच्या प्राणरक्षणासाठी बाळगू इच्छिणाऱ्या नागरिकास त्या शस्त्राची सुरक्षित हाताळणी, नेमबाजीची मूलतत्त्वे आणि बळाच्या वापराच्या कायदेशीर मर्यादा यांचे दिले जाणारे प्राथमिक शिक्षण. हे शिक्षण प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाले आहे. लष्करी व पोलीस प्रशिक्षणाहून ते कालावधी व उद्दिष्ट या दोन्ही दृष्टींनी भिन्न असते. क्रीडास्पर्धांतील नेमबाजीशीही त्याचे साम्य मर्यादितच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता–पालेंबांग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ज्या २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, त्यात लक्ष्य, अंतर व वेळ ही सर्व आधीच ठरलेली असतात. स्वसंरक्षणाच्या प्रसंगी यांपैकी काहीच निश्चित नसते आणि गोळी झाडावी की नाही, हाच पहिला प्रश्न असतो. त्यामुळे नवशिक्यांच्या चांगल्या वर्गात नेम साधण्यापेक्षा सावधगिरी, संयम व निर्णयशक्ती यांवर अधिक भर दिला जातो.

इतिहास : अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिकांच्या नेमबाजीचा दर्जा निकृष्ट असल्याचे दिसून आले. तो सुधारावा, या हेतूने विल्यम चर्च व जॉर्ज विंगेट यांनी १८७१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था स्थापन केली. पुढे या संस्थेने प्रशिक्षकांना प्रमाणपत्रे देण्याची पद्धत व नवशिक्यांसाठी पाठ्यक्रम सुरू केले. तथापि पिस्तुलाच्या प्रत्यक्ष झटापटीतील वापराचा स्वतंत्र विचार प्रथम पोलीस दलांत झाला. शांघाय नगरपालिकेच्या पोलीस दलातील अनुभवाच्या आधारे विल्यम फेअरबेर्न व एरिक साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अगदी जवळच्या अंतरावरून, फारसा नेम न धरता गोळी झाडण्याची पद्धत विकसित केली आणि १९४२ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या मरीन दलातील एक अधिकारी जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी या विषयाला निश्चित स्वरूप दिले. कॅलिफोर्नियात भरणाऱ्या खुल्या पिस्तूल-स्पर्धांत जॅक वीव्हर हा पोलीस अधिकारी पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांच्या पातळीवर आणीत असे व वेगाने अचूक गोळ्या झाडीत असे. कूपर यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला आणि १९७६ मध्ये ॲरिझोना राज्यातील पॉल्डन येथे ‘अमेरिकन पिस्टल इन्स्टिट्यूट’ ही शिक्षणसंस्था काढली. पुढे ती ‘गनसाइट’ या नावाने प्रसिद्धीस आली. सामान्य नागरिकांना पैसे भरून असे शिक्षण घेता येईल, अशा खाजगी संस्थांची परंपरा मुख्यतः येथून विस्तारली.

सुरक्षा-नियम : प्रशिक्षणाचा पाया म्हणून कूपर यांनी रूढ केलेले चार नियम बहुतेक ठिकाणी शिकविले जातात. ते असे : (१) प्रत्येक शस्त्र नेहमी भरलेलेच आहे, असे मानावे. (२) जे नष्ट करण्याची आपली तयारी नाही, अशा कोणत्याही वस्तूवरून नळीचे तोंड फिरू देऊ नये. (३) नेम लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट चापावर ठेवू नये. (४) आपले लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करून घ्यावी.

या नियमांची रचना परस्परपूरक आहे. एखादा नियम चुकून मोडला, तरी उरलेले नियम पाळले गेल्यास सहसा कोणास इजा होत नाही. शस्त्र रिकामे समजून चाप ओढला गेला, तरी नळी निर्धोक दिशेस असेल, तर गोळी जमिनीत वा मातीच्या बांधात जाते. अनेक अपघातांत एकाहून अधिक नियमांचा एकाच वेळी भंग झालेला आढळतो. ‘रिकामे आहे असे वाटले’ हे अपघातानंतर नेहमी ऐकू येणारे वाक्य पहिल्या नियमाची आवश्यकता पटवून देण्यास पुरेसे आहे.

स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलात एक विशेष धोका संभवतो. मुठीतील काडतुसांची मॅगझीन काढून घेतली, तरी नळीच्या मागील कक्षात एक काडतूस शिल्लक राहू शकते. म्हणून आधी मॅगझीन काढणे, नंतर वरचा सरकता भाग मागे ओढून कक्षातील काडतूस बाहेर टाकणे आणि शेवटी कक्ष डोळ्यांनी पाहून व बोटाने चाचपून खात्री करणे, हा क्रम विद्यार्थ्याकडून वारंवार गिरवून घेतात. हा क्रम उलटला, तर मॅगझीनमधील पुढचे काडतूस कक्षात शिरते आणि रिकामे केलेले शस्त्र प्रत्यक्षात भरलेलेच राहते.

वर्गाचे स्वरूप : नवशिक्यांचा वर्ग सामान्यतः चार ते आठ तासांचा असतो. त्याचा पहिला भाग खोलीत होतो आणि तेथे जिवंत काडतुसे आणण्यास मनाई असते. शस्त्राचे भाग, काडतुसाची रचना, भरण्याची व रिकामे करण्याची रीत यांची माहिती या भागात नकली काडतुसांच्या साहाय्याने दिली जाते. दुसरा भाग गोळीबाराच्या मैदानावर पार पडतो. पिस्तुलाच्या गोळीबाराचा आवाज १४० डेसिबलांहून अधिक असल्याने व त्यामुळे श्रवणशक्तीस कायमची इजा होऊ शकत असल्याने कर्णरक्षके अनिवार्य असतात. बाहेर फेकल्या जाणाऱ्या तप्त टोपणांपासून बचावासाठी चष्मा वापरावा लागतो. गोळी व काडतुसाचे प्रज्वलक यांत शिसे असल्याने सरावानंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, अशी सूचना देतात. ‘गोळीबार बंद’ ही आज्ञा मैदानावरील कोणीही देऊ शकतो आणि ती ऐकताच सर्वांनी थांबावयाचे असते.

प्रारंभी अनेक प्रशिक्षक ०·२२ इंच व्यासाच्या, सौम्य धक्का देणाऱ्या काडतुसाचे शस्त्र विद्यार्थ्याच्या हाती देतात. त्यानंतर ९ मिमी. व्यासाच्या काडतुसाकडे वळतात. गेऑर्ग लूगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेले हे काडतूस आज पिस्तुलांसाठी जगभर वापरले जाते. लक्ष्य सामान्यतः ३ ते ७ मी. अंतरावर असते. शरीराचा तोल, दोन्ही हातांची घट्ट पकड, पुढील व मागील दर्शकांची जुळणी आणि चाप एकसारखा व सावकाश दाबणे, या गोष्टी क्रमाने शिकविल्या जातात.

नवशिक्याचा सर्वसामान्य दोष म्हणजे धक्क्याची आगाऊ भीती. गोळी सुटण्याच्या क्षणापूर्वीच तो नकळत मनगट खाली झुकवितो आणि गोळी लक्ष्याच्या खालच्या बाजूस लागते. हा दोष दाखवून देण्यासाठी प्रशिक्षक विद्यार्थ्यास न सांगता जिवंत काडतुसांत एखादे नकली काडतूस मिसळतो. चाप ओढल्यावर केवळ टिचकीसारखा आवाज होतो, धक्का बसत नाही, तरीही पिस्तूल खाली झुकलेले सर्वांना दिसते. चाप ओढूनही गोळी न सुटल्यास नळी निर्धोक दिशेस धरून काही काळ थांबावे, असे नवशिक्यास सांगितले जाते, कारण क्वचित काडतूस उशिराने पेटते. आवाज नेहमीपेक्षा क्षीण झाल्यास गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसरी गोळी झाडल्यास नळी फुटू शकते.

कायदा व निर्णय : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात स्वसंरक्षणार्थ घरी पिस्तूल बाळगण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. २०२२ मधील ब्रुअन खटल्यात तो हक्क घराबाहेर शस्त्र बाळगण्यापर्यंत विस्तारला. प्रशिक्षणाविषयीचे नियम मात्र राज्यपरत्वे भिन्न आहेत. इलिनॉय राज्याने २०१३ मध्ये परवान्यासाठी १६ तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले. न्यूयॉर्कने २०२२ मध्ये १६ तासांचे वर्गशिक्षण व २ तासांचा प्रत्यक्ष गोळीबार अशी अट घातली. याउलट टेक्सस राज्याने २०२१ पासून परवान्याची सक्ती काढून टाकली. २०२४ अखेर २९ राज्यांत परवान्याविना लपविलेले शस्त्र बाळगता येत होते. अशा राज्यांत शिक्षण घेणे वा न घेणे हे बहुतांशी ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविलेले आहे.

प्राणघातक बळाचा वापर केव्हा क्षम्य ठरतो, हा वर्गातील सर्वांत गंभीर विषय होय. हल्ला तत्काळ घडणारा असावा, त्यापासून मृत्यूचे वा गंभीर इजेचे सकारण भय असावे, वापरलेले बळ धोक्याच्या प्रमाणात असावे आणि कलहाचा आरंभ स्वतःकडून झालेला नसावा, ही त्याची सर्वसाधारण तत्त्वे आहेत. केवळ मालमत्तेसाठी किंवा पळून जाणाऱ्यावर गोळी झाडणे सामान्यतः समर्थनीय ठरत नाही. शक्य असल्यास माघार घेण्याचे बंधन काही राज्यांत आहे. फ्लॉरिडाने २००५ मध्ये घराबाहेरही ते रद्द केले आणि अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. कायदा कसाही असला, तरी जेथून निघून जाता येते तेथून निघून जावे, दार बंद करून पोलिसांना बोलवावे व शस्त्र हा अखेरचा उपाय मानावा, असे जबाबदार प्रशिक्षक सांगतात. अंधारात घरात शिरलेली व्यक्ती चोर नसून उशिरा परतलेला मुलगाही असू शकतो. चौथ्या नियमाचा खरा अर्थ अशा प्रसंगी कळतो.

मर्यादा : एका दिवसाच्या वर्गाने विद्यार्थी सुरक्षितपणे सराव करण्यास पात्र होतो, इतकेच म्हणता येईल. संकटसमयी हृदयाची गती वाढते, बोटांच्या सूक्ष्म हालचाली बिघडतात आणि लक्ष एकाच बिंदूवर खिळते. स्थिर कागदी लक्ष्यावर मिळविलेले कौशल्य त्या वेळी कितपत टिकेल, हे सांगता येत नाही. नियमित सरावाअभावी ते लवकर ओसरते. शिवाय प्रमाणपत्रामुळे निर्माण होणारा अवास्तव आत्मविश्वास हाही एक धोकाच आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरातील शस्त्रापासूनचा धोका परक्या हल्लेखोरापुरता मर्यादित नसतो. २०२१ मध्ये अमेरिकेत सर्व प्रकारच्या बंदुकांमुळे सु. ४८,८०० मृत्यू झाले. त्यांपैकी सु. २६,३०० आत्महत्या होत्या व सु. २१,००० हत्या होत्या. अपघाती मृत्यूंची संख्या ५४९ होती. सुरक्षा-नियमांचा रोख मुख्यतः अपघातांवर आहे. निम्म्याहून अधिक मृत्यूंचे जे कारण, त्यावर नेमबाजीच्या शिक्षणाचा इलाज चालत नाही. कॅलिफोर्नियातील नागरिकांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सु. आठपट, तर स्त्रियांत पस्तीसपटींहून अधिक आढळले. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा अल्पकालीन असतो. परंतु बंदुकीने केलेला प्रयत्न बहुधा प्राणघातक ठरतो व पुनर्विचारास अवसर राहत नाही. म्हणून शस्त्र कुलूपबंद ठेवणे, काडतुसे निराळी ठेवणे, मुलांना किल्ली वा सांकेतिक क्रमांक न कळू देणे आणि घरातील कोणी खिन्न वा संकटात असल्यास शस्त्र काही काळ घराबाहेर ठेवणे, या गोष्टींना चांगल्या वर्गात नेमबाजीइतकेच स्थान दिले जाते. मात्र स्वसंरक्षणासाठी शस्त्र हाताशी असावे आणि सुरक्षेसाठी ते बंदिस्त असावे, या दोन अपेक्षांत मुळातच विरोध आहे. झटपट उघडणाऱ्या लहान तिजोऱ्यांनी तो काही अंशी सौम्य होतो, पण पूर्णपणे नाहीसा होत नाही. शस्त्र घ्यावे की नाही, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपली परिस्थिती पाहूनच घ्यावयाचा असतो आणि वर्गानंतर शस्त्र न घेण्याचे ठरविणारा विद्यार्थीही वर्गाचा उद्देश सफल करतो.

भारतातील स्थिती : भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क मानला जात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये त्यासाठी परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. शस्त्र नियम, २०१६ यांनी परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची तरतूद केली असून तीत शस्त्राची सुरक्षित हाताळणी व साठवण यांचा अंतर्भाव होतो. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. संरक्षणासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करता येत नाही आणि सार्वजनिक अधिकाऱ्यांचे साहाय्य घेण्यास अवधी असेल, तर हा हक्क उरत नाही, ही तत्त्वे नव्या संहितेतही कायम आहेत. बळाच्या वापराची प्रमाणबद्धता हे तत्त्व अशा रीतीने दोन्ही देशांच्या कायद्यांत समान असून, नवशिक्याच्या प्रशिक्षणात त्याची जाणीव करून देणे सर्वांत अगत्याचे ठरते.