इनपुट परिपथातील ट्रान्झिस्टर संपृक्त होऊ न देण्याचा उपाय

ट्रान्झिस्टरचा स्विच म्हणून उपयोग शिकवताना आपण सांगतो की, बेसला भरपूर प्रवाह द्यावा, म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण संपृक्त होतो. रिले किंवा दिवा चालवायचा असेल तर हे योग्यच आहे. परंतु जलद स्पंद स्वीकारणाऱ्या इनपुट परिपथात हाच सल्ला अडचणीचा ठरतो.

समजा, पुरवठा ५ व्होल्ट, कलेक्टरला १ किलो-ओहमचा रोध आणि ५ व्होल्टचा इनपुट स्पंदही १ किलो-ओहममधून बेसला दिला आहे. कलेक्टर-प्रवाह सुमारे ४.८ मिलिअँपिअर होईल. प्रवाहवर्धन १०० धरल्यास बेसला ०.०५ मिलिअँपिअर पुरे. मिळतात मात्र ४.३, म्हणजे जवळजवळ ९० पट. कलेक्टरचे विभव ०.२ व्होल्टपर्यंत, म्हणजे बेसच्याही खाली उतरते. त्यामुळे बेस-कलेक्टर जंक्शन फॉरवर्ड बायसमध्ये जाते आणि आत जादा वाहक साठतात. इनपुट शून्य झाले तरी हा साठा निघून जाईपर्यंत ट्रान्झिस्टर बंद होत नाही. या विलंबास संचय-काल म्हणतात. २एन३९०४ च्या माहितीपत्रकात १० मिलिअँपिअर कलेक्टर-प्रवाहासाठी तो कमाल २०० नॅनोसेकंद दिला आहे, आणि तोही बेसमधून १ मिलिअँपिअर उलट ओढून घेतला असता! १ मायक्रोसेकंदाच्या स्पंदाची रुंदी मोजताना ही चूक दुर्लक्षिण्याजोगी नाही.

बेसचा रोध वाढवून पाहावा, असे विद्यार्थी सुचवतात. पण बीसी५४७ चे प्रवाहवर्धन ११० ते ८०० यांपैकी काहीही असू शकते. एकाला नेमका बसणारा रोध दुसऱ्याला संपृक्तच ठेवतो.

अधिक खात्रीचा उपाय म्हणजे बेस आणि कलेक्टर यांच्यामध्ये शॉट्की डायोड जोडणे. त्याचा अ‍ॅनोड बेसकडे असावा. कलेक्टर ०.३ ते ०.४ व्होल्टपर्यंत उतरताच डायोड वाहू लागतो व बेसचा जादा प्रवाह कलेक्टरकडे वळवतो. हा प्रवाह नाहीसा होत नाही, ट्रान्झिस्टरच तो वाहून नेतो. वरील उदाहरणात कलेक्टर-प्रवाह सुमारे ९ मिलिअँपिअर होतो आणि बेसमध्ये त्यास लागेल तेवढाच प्रवाह शिरतो, प्रवाहवर्धन कितीही असो.

कल्पना जुनी आहे. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतील रिचर्ड बेकर यांनी १९५६ मध्ये साध्या डायोडांनी हे साधले होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जेम्स बियर्ड यांनी १९६४ मध्ये शॉट्की डायोडासह पेटंटचा अर्ज केला. ७४एलएस मालिकेतील आयसी याच तत्त्वावर आहेत.

प्रयोगशाळेत डायोड निवडताना बीएटी८५ सारखा लहान घ्यावा. १एन५८१९ सहज मिळतो, पण त्याची धारिता मोठी आहे. बेस-कलेक्टरमध्ये ती प्रवर्धित होऊन स्पंदाच्या कडाच मंद करते.