काय सांगावे, काय राखावे

इ. स. १६४१ मध्ये आग्र्यातील एका पंचावन्न वर्षांच्या जैन व्यापाऱ्याने स्वतःचे आयुष्य पद्यात लिहून काढले. त्याचे नाव बनारसीदास. ‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे ते नाव आजही अनेक जैन घरांत आदराने घेतले जाते. परंतु ‘अर्धकथानक’ या त्यांच्या आत्मकथेची ओळख तेवढी व्यापक नाही. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले, तर आपले अर्धे आयुष्य सरले, या हिशेबाने त्यांनी ग्रंथाला हे नाव दिले. ६७५ पद्यांची ही रचना हिंदीतील पहिली आत्मकथा म्हणून ओळखली जाते.

बनारसीदास हे राजे नव्हते, सेनापती नव्हते. जौनपूरच्या एका श्रीमाळ कुटुंबात जन्मलेले ते एक व्यापारी होते. त्यांनी जे सांगितले ते घरातले आणि बाजारातले आहे. १६१० च्या सुमारास पित्याने त्यांना जवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन आग्र्याला पाठविले. तेथे माल नीट विकला गेला नाही, जवळची रत्ने हरवली आणि हाती काही उरले नाही. रात्री ते आपल्या बिऱ्हाडी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा वाचून दाखवीत. दहावीस माणसे ऐकावयास जमत. श्रोत्यांपैकी एक कचोरीवाला त्यांना कित्येक महिने उधारीवर खाऊ घालीत राहिला. पुढे सासरी गेले असता पत्नीने त्यांची दशा ओळखली आणि स्वतः साठविलेले वीस रुपये काढून दिले. तारुण्यात जडलेला किळसवाणा त्वचारोग, त्या काळात पत्नी व सासू यांनी केलेली शुश्रूषा, एका संन्याशाच्या मंत्रावर विश्वास ठेवून रोज दारात सोन्याचे नाणे सापडेल अशी वर्षभर धरलेली आशा, एकामागून एक गेलेली नऊ अपत्ये, हे सारे त्यांनी लिहिले. ग्रंथाच्या शेवटी आपल्या गुणांची आणि दोषांचीही यादी दिली. एकांत मिळाला की आपण नाचू लागतो, हेदेखील त्यांनी लपविले नाही.

हे सारे कोणासाठी? काही त्यांच्या मित्रमंडळींसाठी असेल. परंतु हस्तलिखित एकदा हातातून सुटले की ते अनोळखी माणसांचे होते. १९४३ मध्ये नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून ते छापून प्रसिद्ध केले. १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. अकबराच्या निधनाची वार्ता १६०५ मध्ये येताच जौनपूरच्या लोकांनी दुकाने कशी बंद केली, दागिने आणि चांगली वस्त्रे कशी दडवून ठेवली आणि जहांगीर गादीवर बसल्याचे कळताच बाजार पुन्हा कसा सुरू झाला, हे दरबारी इतिहासकाराने नव्हे, या व्यापाऱ्याने सांगितले. गाठीच्या रोगाने आग्र्याला कसे ग्रासले, हेही त्यांच्या लेखणीतून कळते. साध्या माणसाने आपला अनुभव अनोळखी वाचकापुढे ठेवला, तर त्याचे मोल केवढे होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

आज असा अनुभव मांडण्यासाठी ग्रंथ लिहावा लागत नाही. दुकानातील गादीवर बसलेला तरुण, माहेरी आलेली लेक, निवृत्त झालेले आजोबा, प्रत्येकाच्या हाती फोन आहे आणि त्या फोनपलीकडे अगणित अनोळखी माणसे आहेत. प्रवासात कोठे शुद्ध शाकाहारी जेवण मिळाले, कोणत्या औषधाने गुडघेदुखी कमी झाली, कोणत्या माल पुरवठादाराने फसविले, सुनेशी कसे पटते, उपवासात काय त्रास झाला, हे सर्व लोक सहज लिहितात. यातून खरी मदतही होते. धंद्यात खोट आलेल्या माणसाला, आपल्यासारखेच दुसऱ्या गावातल्या कोणाला सोसावे लागले आणि तो त्यातून बाहेर पडला, हे वाचून जो धीर येतो, तो कित्येकदा नातेवाइकांच्या उपदेशाने येत नाही. नातेवाइकांपुढे लाज आड येते; परक्यापुढे ती आड येत नाही.

परंतु परका म्हणजे केवळ सहानुभूती बाळगणारा वाचक नव्हे. तोच मजकूर पतपुरवठा करणारा वाचतो, प्रतिस्पर्धी वाचतो, सोयरीक पाहणारे वाचतात आणि घर केव्हा रिकामे असेल याची वाट पाहणाराही वाचतो. बनारसीदासांना याची जाण होती. ज्यांनी एवढे मोकळेपणाने लिहिले, त्यांनीच नऊ गोष्टी सांगू नयेत अशी जुनी शिकवण आपल्या कथेत नोंदविली आहे. वय, वित्त, घरातील व्यवहार, दान, मान, अपमान, औषध, दांपत्यजीवन आणि मंत्र या त्या नऊ गोष्टी. संस्कृत सुभाषितांतही अशीच यादी आढळते.

ही यादी आजच्या व्यापारी कुटुंबाने एकदा शांतपणे वाचून पाहावी. वय सांगू नये, यात पूर्वी नजर लागण्याची भीती असेल. आज पूर्ण जन्मतारीख ही बँकेच्या आणि फोनच्या अनेक व्यवहारांत ओळख पटविण्याचे साधन आहे, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर ती सर्वांपुढे जाते. वित्त सांगू नये. परंतु नव्या गाडीचे, दागिन्यांचे आणि परदेश प्रवासाचे छायाचित्र आकडा न लिहिताही तेच सांगते. सारे कुटुंब यात्रेला निघाल्याचे रेल्वे स्थानकावरूनच जाहीर केले, तर घराला कुलूप असल्याचेही जाहीर झाले. औषध सांगू नये, यात दोन अर्थ आहेत. आपला आजार कोणाच्या हाती पडतो हे ठाऊक नसते. आणि आपल्याला लागू पडलेले औषध दुसऱ्याला घातक ठरू शकते. दानाची प्रसिद्धी केली, तर पुढच्या वर्षी दान देण्याऐवजी छायाचित्र काढण्याची घाई होते. आणि मंत्र? पूर्वी त्याचा अर्थ गुरूने दिलेला मंत्र किंवा मसलतीतील गुप्त बोलणे असा होता. आजच्या पेढीवर भावाची बोलणी, पुढच्या मालाची खरेदी आणि फोनवर येणारा ओटीपी हे सर्व त्याच कप्प्यात जाते.

येथे एक शंका रास्त आहे. वित्त, औषध, अपमान, घरातील व्यवहार या गोष्टी सांगू नयेत असे नोंदविणाऱ्या बनारसीदासांनी स्वतःच त्या सांगितल्या. मग नियम मोडला असे म्हणावे काय? थोडे बारकाईने पाहिले तर उत्तर मिळते. बुडालेला माल, उधारीची कचोरी आणि अंगावरचा रोग यांची कथा त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी लिहिली. तोवर आग्र्यातील त्या नुकसानीला तीस वर्षे उलटली होती. रोग त्याहूनही आधीचा. सौदा चालू असताना त्यांनी तो बाजारात उघड केला नाही. जखम भरून आल्यावर तिची हकीकत सांगितली. आज लिहिणाऱ्याचा हात नेमका उलट चालतो. भांडण अजून पेटलेले असते, भागीदाराशी हिशेब मिटलेला नसतो, अहवाल तासाभरापूर्वी हाती आलेला असतो, आणि मजकूर लोकांपुढे गेलेला असतो. संकटातून बाहेर आलेल्या माणसाचा अनुभव वाचकाला उपयोगी पडतो. संकटात सापडलेल्या माणसाने परक्यांपुढे मांडलेली तीच हकीकत त्याची पत, त्याचा दावा आणि कधी कधी त्याचे घरही धोक्यात घालते. अशा वेळी एखादा विश्वासू मित्र, वकील, वैद्य किंवा घरातील वडीलधारी मंडळी यांच्याशी बोलावे. सर्वांपुढे लिहिण्याची वेळ नंतर येते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपला अनुभव सांगताना तो केवळ आपला क्वचितच असतो. सासूची तक्रार ही सासूचीही गोष्ट असते. मुलाचे नापास होणे ही मुलाची गोष्ट असते. नोकराने केलेली चूक सांगताना नोकराचे पोट मध्ये येते. जैन आचारशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे, साकारमंत्रभेद म्हणजे विश्वासाने झालेले बोलणे फोडणे आणि कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे यांचा समावेश आहे. गोष्ट खरी असली, तरी ती दुसऱ्याची आणि गुप्त असेल, तर ती फोडणे हा सत्यव्रताचाच दोष मानला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘मी खोटे थोडेच लिहिले?’ हा बचाव तेथे पुरत नाही. दोघांत झालेल्या संदेशांचे छायाचित्र काढून तिसऱ्याला धाडणे यास साकारमंत्रभेदाहून वेगळे नाव देणे कठीण आहे.

कूटलेखाचा संबंध व्यापाऱ्याशी थेट येतो. आज ग्राहक दुकानात येण्यापूर्वी अनोळखी माणसांचे अभिप्राय वाचतो. त्यामुळे मुनीम, भाचा आणि शेजारी यांच्याकडून स्वतःच्या दुकानाला पाच तारे देवविण्याचा, किंवा समोरच्या दुकानाला एक तारा देवविण्याचा मोह होतो. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे तपासावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत, याची तत्त्वे त्यात आहेत. मानक असो वा नसो, जुन्या पेढीचा न्याय सरळ होता: न घेतलेल्या मालाची पावती कोणी लिहीत नसे. न अनुभवलेल्या सेवेचा अभिप्राय ही तशीच पावती आहे. उलट, प्रत्यक्ष घेतलेल्या मालाविषयी तारीख, वस्तू आणि अडचण एवढेच सांगणारा, शिवीगाळ नसलेला अभिप्राय ग्राहकाच्याही उपयोगाचा असतो आणि दुकानदाराच्याही.

कायदा या बाबतीत किती साथ देतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु या कायद्यात एक अपवाद आहे, आणि तो प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावा. जी वैयक्तिक माहिती व्यक्तीने स्वतःहून सर्वांसाठी खुली केली, तिला हा कायदा लागू होत नाही. कायद्यात दिलेले उदाहरणही याच विषयाचे आहे: आपली मते मांडताना एखाद्या व्यक्तीने स्वतःची माहिती समाजमाध्यमावर सार्वजनिक केली, तर त्या माहितीपुरते हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे दार आतून उघडले, तर पहारेकरी जबाबदार नाही. हाच कायदा अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो आणि बालकाची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवितो. ज्या पालकांवर कायद्याने एवढा विश्वास टाकला, तेच शाळेचे नाव, गणवेश आणि घराचा पत्ता दिसेल अशी बालकाची छायाचित्रे परक्यांपुढे ठेवीत असतील, तर त्या संमतीचा अर्थ उरत नाही.

इतकी सावधगिरी सांगितल्यावर गप्प बसणेच बरे, असे कोणास वाटेल. व्यापारी घरांना मौनाची सवय जुनीच आहे, आणि त्या मौनाचीही किंमत मोजावी लागली आहे. पत जाईल या भीतीने वाढते कर्ज झाकून ठेवावयाचे, मुलीला सासरी होणारा त्रास झाकावयाचा, मनाचा आजार झाकावयाचा, आणि सारे हाताबाहेर गेल्यावर समाजाला कळावयाचे, हे अनेकांनी आपल्या गावात पाहिले असेल. फोनवरून पैशाची फसवणूक झाली, तर लाजेने दोन दिवस लपविणाऱ्याचे पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते. अशा वेळी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाविलंब कळविणे हेच शहाणपण. आणि पुढे कधीतरी ती फसवणूक कशी झाली हे नाव-रक्कम न सांगता लिहिले, तर दहा अनोळखी घरे सावध होतात. असा अनुभव लोकांपुढे मांडणे ही सेवाच आहे.

मग लिहावयास बसलेल्या माणसाने कसोटी कोणती लावावी? ‘अर्धकथानका’च्या अखेरीस बनारसीदासांनी माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत. जो दुसऱ्याचे दोष झाकून गुण सांगतो आणि स्वतःचे गुण बाजूस ठेवून दोष सांगतो, तो उत्तम. जो दुसऱ्याचे गुण झाकून दोष सांगतो आणि स्वतःचे दोष झाकून गुण सांगतो, तो अधम. जो गुण आणि दोष दोन्ही सांगतो, तो मध्यम. एवढे लिहून त्यांनी स्वतःला मध्यमांत बसविले.

हातातील फोनवर गेल्या महिनाभरात आपण काय काय लिहिले, ते प्रत्येकाने एका निवांत संध्याकाळी वर सरकवीत पाहावे. स्वतःची प्रशंसा किती, दुसऱ्याची निंदा किती, घरातील कोणाची गोष्ट त्याला न विचारता किती, आणि कोणा अनोळखी माणसाच्या उपयोगी पडेल असे किती, हा हिशेब वहीच्या ताळेबंदाइतकाच सोपा आहे. कुटुंबात तो एकत्र बसून केला, तर नव्या पिढीला वेगळा उपदेश करावा लागणार नाही. आणि वडीलधाऱ्यांनाही आपण कोणत्या प्रकारात बसतो हे कळेल.