लसीकरणाच्या कार्डावर मनाची नोंद कुठे?

प्रतिनिधी

शहरातील कोणत्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात शनिवारी संध्याकाळी दिसणारे हे दृश्य. वीस महिन्यांच्या मुलाला घेऊन आई लसीसाठी आलेली असते. वजन होते, उंची मोजली जाते, वाढीच्या तक्त्यावर एक ठिपका पडतो. सुई टोचली जाते, तापाचे औषध किती द्यायचे ते सांगून होते, पुढची तारीख कार्डावर लिहिली जाते. बाहेर पंधरा जण ताटकळत असतात. आई मुलाला कडेवर घेऊन दारापर्यंत जाते आणि तिथे थबकून विचारते, "डॉक्टर, हा अजून काहीच बोलत नाही. चालेल ना?" तोवर डॉक्टरांचा हात पुढच्या रुग्णासाठी घंटेकडे गेलेला असतो. "मुलगे जरा उशिराच बोलतात," एवढे ऐकून आई निश्चिंत होते. घरी आजीही तेच सांगत असते की, याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.

बहुतेक वेळा आजीचे म्हणणे खरे ठरते. काही वेळा ठरत नाही, आणि मग वर्ष-दीड वर्षाचा अमूल्य काळ हातचा गेलेला असतो. स्वमग्नता किंवा विकासातील अन्य अडचण असल्यास वाचा-उपचार आणि खेळातून दिले जाणारे प्रशिक्षण जितक्या लवकर सुरू होईल तितका त्याचा उपयोग अधिक, याविषयी तज्ज्ञांत दुमत नाही. प्रश्न आहे तो हे ओळखायचे कोणी आणि कुठे, हा.

याचे सर्वांत सोयीचे उत्तर बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना हेच आहे. मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढताना आपल्याकडे अजूनही आजूबाजूला पाहिले जाते, पण लस द्यायला जाताना कोणी तोंड लपवत नाही. शिवाय लसीकरणाचे वेळापत्रकच असे आहे की, मुलाच्या मनाची विचारपूस ज्या वयात व्हायला हवी, नेमक्या त्याच वयात मूल डॉक्टरांसमोर असते.

सोळा ते चोवीस महिने या काळात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर दिला जातो. स्वमग्नतेची शक्यता पडताळण्यासाठी जगभर वापरली जाणारी 'एम-चॅट' ही प्रश्नावली सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीच आहे. तिच्यात अवघे वीस प्रश्न आहेत आणि उत्तरे 'होय' किंवा 'नाही' एवढीच. नाव घेऊन हाक मारल्यावर मूल वळून पाहते का? आवडलेली गोष्ट तुम्हाला दाखवण्यासाठी ते बोट दाखवते का? रिकाम्या पेल्यातून पाणी पिण्याचा खोटाखोटा खेळ खेळते का? प्रतीक्षाकक्षात बसल्या बसल्या आई-वडिलांना ती भरता येते. धोका दर्शवणारी उत्तरे दोनपर्यंत असतील तर सहसा चिंता नसते. तीन ते सात असतील तर त्या मुद्द्यांवर अधिक खोलात विचारावे लागते आणि आठ किंवा त्याहून अधिक असतील तर मुलाला थेट तपासणीसाठी पाठवले जाते. अर्थात ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलेले प्रत्येक मूल स्वमग्न नसते, हे आई-वडिलांना त्याच वेळी नीट समजावून सांगणे भाग आहे, अन्यथा घरात विनाकारण आकांत होतो.

परदेशी प्रश्नावली नको असेल तर तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने तयार केलेला तक्ता आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात सतरा टप्पे आहेत. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची आणि पेन्सिलीच्या डावीकडे राहिलेले सगळे टप्पे मुलाने गाठले आहेत का, ते पाहायचे. याहून सोपे साधन असू शकत नाही. तरीही वाढीचा तक्ता ज्या निष्ठेने भरला जातो, त्या निष्ठेने हा भरलेला क्वचितच दिसतो.

यात एक विसंगतीही आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांच्या तपासणीत विकासातील विलंबाचा समावेश आहे. म्हणजे निदान कागदोपत्री तरी अंगणवाडीतल्या मुलाच्या बोलण्याची दखल घेणारी व्यवस्था आहे. महागड्या खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाबाबत मात्र सारे काही त्याच्या डॉक्टरांच्या सवडीवर अवलंबून राहते.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींच्या वेळी तर डॉक्टरांसमोर दोन जीव असतात. बाळंतपणानंतर आईला नैराश्य आले असेल तर ते या तीन भेटींत ओळखता येते. त्यासाठी एडिंबरो येथे १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची पट्टी उपलब्ध आहे. बाळाचे वजन भरले की सगळे ठीक, असे मानण्याच्या नादात रात्र रात्र रडणाऱ्या आईकडे कोणाचेच लक्ष नसते.

मूल शाळेत जाऊ लागले की लसी संपतात आणि दुखणी सुरू होतात. पोट दुखते म्हणून मुलाला वारंवार आणले जाते. जंताचे औषध होते, लघवी तपासली जाते, सोनोग्राफी होते आणि 'सगळे नॉर्मल' असा अहवाल हाती येतो. मग घरी 'नाटकं करतोस' म्हणून बोलणी बसतात. वास्तविक ते दुखणे खरे असते. आतड्यात दोष नसला तरी धास्तीमुळे पोटात कळ येऊ शकते. पोट रविवारी दुखते का, सुट्टीत गावी गेल्यावर दुखते का, एवढे दोन प्रश्न तपासणीची दिशा बदलू शकतात. त्यामागे कधी वर्गातील दादागिरी निघते, कधी न ओळखलेली अध्ययन अक्षमता, तर कधी आई-वडिलांची भांडणे.

सर्वांत नाजूक वय त्यानंतरचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार तेरा ते सतरा वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळला. ग्रामीण भागात हे प्रमाण ६.९ टक्के, तर महानगरांत १३.५ टक्के होते. या वयात डॉक्टरांशी गाठ पडण्याचे निमित्त म्हणजे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायची धनुर्वात-घटसर्पाची लस. अनेक घरांत ती दिलीच जात नाही. दिली तरी आई शेजारी बसून मुलीच्या वतीने सगळी उत्तरे देते. पाच मिनिटे पालकांना बाहेर बसवून मुलाशी एकांतात बोलणे हा या तपासणीचा गाभा आहे. घर, शाळा, मित्र, व्यसन, झोप, असे हळूहळू विचारत 'जगणे नकोसे वाटते का' या प्रश्नापर्यंत जायचे असते. तो विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसता विचार भरतो, हा समज निराधार आहे. ही गुप्तता कुठवर पाळली जाईल, हेही मुलाला आधीच सांगावे लागते. जिवाला धोका असेल तर पालकांना विश्वासात घ्यावेच लागते, आणि लैंगिक अत्याचार उघड झाल्यास २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

डॉक्टरांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. हे सारे करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे वेगळे पैसे द्यायला पालक राजी नसतात. शिवाय अडचण ओळखून मुलाला पाठवायचे कुणाकडे? देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि त्यातही मुलांचे तज्ज्ञ मूठभर. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ मध्ये यावर एक तोडगा काढला. तेथील बालरोगतज्ज्ञ अडले की राज्याच्या केंद्राला दूरध्वनी करतात आणि अर्ध्या तासात बालमानसोपचारतज्ज्ञ त्यांच्याशी बोलतो. मुलाला दुसरीकडे पाठवण्याची गरज मग प्रत्येक वेळी उरत नाही. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' सेवा (१४४१६) नागरिकांना चोवीस तास उपलब्ध आहे, मात्र ती दवाखान्यातील डॉक्टरांची पाठराखण करण्यासाठी आखलेली नाही. मुंबईला ही कल्पना नवखी नाही. 'टाटा'च्या समाजकार्य संस्थेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केले ते १९३७ मध्ये.

तोवर पालकांनी एक करावे. मनातली शंका दाराशी नव्हे, खुर्चीवर बसताक्षणी सांगावी. मूल घरी कसे वागते याचे मिनिटभराचे चित्रण मोबाइलवर करून न्यावे, कारण दवाखान्यात मूल एक तर रडते नाही तर गप्प बसते. आणि शनिवारची गर्दी टाळून, मधल्या वारी दुपारची स्वतंत्र वेळ मागून घ्यावी.