कुठल्याही खुर्चीवरून उघडणारे कपाट

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, कार्नेगी मेलन विद्यापीठात, १९८०च्या दशकाच्या मध्यावर विद्यार्थी एका इमारतीतल्या संगणकावर निबंध अर्धा लिहून उठत, दुसऱ्या इमारतीत जात आणि तिथल्या मोकळ्या यंत्रासमोर बसून नाव व पासवर्ड टाकत. तोच निबंध, त्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये समोर येई. खिशात काही बाळगावे लागत नसे. आमच्या पिढीला कॉलेजची लॅब आठवते ती फ्लॉपीसकट. प्रोजेक्टची एकुलती एक प्रत असलेली फ्लॉपी सबमिशनच्या सकाळी वाचली गेली नाही, तेव्हा मी त्या यंत्रासमोर नुसता बसून राहिलो होतो. त्याच्या कितीतरी आधी पिट्सबर्गमध्ये हा प्रश्न सुटलेला होता, हे कळले तेव्हा मला खरोखर थक्क व्हायला झाले.

१९८२ साली विद्यापीठ आणि आयबीएम यांनी मिळून एक संगणकीय केंद्र उभारले. तिथे आकाराला आलेल्या प्रकल्पाचे नाव ‘अँड्र्यू’. विद्यापीठाच्या नावात ज्या दोघांची आडनावे आहेत, त्या कार्नेगी आणि मेलन या दोघांचेही पहिले नाव अँड्र्यूच. फायली साठवण्याची जी व्यवस्था यातून निघाली ती अँड्र्यू फाइल सिस्टीम, म्हणजे एएफएस. तिच्या रचनाकारांत महादेव सत्यनारायणन हे ठळक नाव. मद्रासच्या आयआयटीत शिकून ते पिट्सबर्गला गेले होते. संगणकतज्ज्ञांच्या ‘एसीएम’ या संघटनेचा २०१६ सालचा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच कामासाठी मिळाला.

उद्दिष्ट मोठे होते. एका परिसरात ५,००० हून अधिक यंत्रे, आणि सगळ्यांना एकच कपाट. पहिल्या आवृत्तीत एक सर्व्हर वीसेक यंत्रांतच दमून जाई. का, हे त्यांनी मोजून पाहिले. फायलींची ने-आण करण्यात सर्व्हरचा वेळ फारसा जातच नव्हता. प्रत्येक यंत्र पुन्हा पुन्हा एकच विचारत होते : ‘माझ्याकडची प्रत अजून ताजी आहे ना?’ बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असे, आणि तेवढे सांगण्यातच सर्व्हरचा जीव मेटाकुटीला येई.

उपाय ऐकला की रेशनच्या दुकानाची आठवण होते. रॉकेल आले का म्हणून अख्खी गल्ली दिवसातून चारदा विचारायला आली, तर दुकानदाराने माल मोजायचा कधी? तो सांगतो, रोज येऊ नका, माल आला की निरोप धाडतो. एएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीने हेच केले. यंत्राने फाइल उघडली की ती अख्खीच्या अख्खी त्या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर उतरते, आणि सर्व्हर वचन देतो : दुसऱ्या कोणी ही बदलली, तर मी तुला कळवीन. निरोप येईपर्यंत आपली प्रत ताजीच समजायची. वाचणे-लिहिणे सगळे जवळच्या प्रतीवर चालते. फाइल बंद केली की बदललेली प्रत सर्व्हरकडे परत जाते. सर्व्हर आता पन्नासेक यंत्रे सांभाळू लागला. किंमत एकच : दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली, तर शेवटी बंद करणाऱ्याची प्रत राहते, आधीच्याची मेहनत जाते. विद्यार्थ्यांच्या फायली बहुधा ज्याच्या त्याच्याच असतात, म्हणून ही किंमत परवडण्यासारखी ठरली.

पण मला याहून मोठा वाटतो तो दुसरा विचार. फाइलचे नाव आणि ती प्रत्यक्ष कुठल्या यंत्रात आहे ते ठिकाण, यांची त्यांनी फारकत केली. बॉस्टनजवळच्या एमआयटीनेही पुढे हीच व्यवस्था घेतली. तिथे वापरनाव ‘जोशी’ असेल, तर पत्ता असा : आधी एएफएस, मग संस्थेचे नाव, मग ‘युजर’, त्याखाली ‘जे’, त्याखाली ‘ओ’, आणि मग ‘जोशी’. हजारो जणांची घरे, म्हणजे ज्याचे त्याचे फोल्डर, एकाच ठिकाणी कोंबू नयेत म्हणून पहिल्या दोन अक्षरांचे हे कप्पे. या पत्त्यात सर्व्हरचे नाव कुठेच नाही. प्रत्येकाचे घर म्हणजे ठरावीक कोट्याचा एक ‘व्हॉल्यूम’, आणि तो कुठल्या सर्व्हरवर आहे याची नोंद वेगळ्या वहीत. एखाद्या सर्व्हरची डिस्क भरत आली, तर व्यवस्थापक भर दुपारी एखाद्याचे घर उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवू शकतो, आणि घरमालक आपला निबंध लिहीतच असतो. पत्ता तोच राहतो. पुढे स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाजवळच्या सर्नसारख्या संशोधनसंस्थाही पत्त्याच्या याच मुळाला जोडल्या गेल्या, आणि पिट्सबर्गच्या यंत्रावरून जिनिव्हातला फोल्डर शेजारच्या खोलीत असल्यासारखा दिसू लागला.

इतके खुले कपाट म्हटल्यावर कुलपाचे काय? रचनाकारांनी गृहीत धरले, की विद्यार्थी आपल्या समोरचे यंत्र उघडून त्यात हवे ते करील. म्हणून कुठल्याही यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, सर्व्हरने प्रत्येकाची ओळख स्वतः पटवायची. याला पुढे जोड मिळाली ती १९८३ साली सुरू झालेल्या एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनातून निघालेल्या ‘कर्बेरॉस’ या ओळख पटवण्याच्या पद्धतीची. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारी बसणाऱ्या तीन तोंडांच्या कुत्र्याचे हे नाव. (आपल्या यमाच्या दारी दोन कुत्रे आहेत, चार चार डोळ्यांचे.) यात पासवर्ड तारेवरून जातच नाही. त्याच्या जोरावर एक तिकीट मिळते आणि काही तासांनी ते बाद होते. रात्रभर चालायला लावलेला प्रोग्रॅम पहाटे ‘परवानगी नाही’ म्हणून अडकलेला सापडे, तो बहुधा तिकीट संपल्यामुळे.

परवानग्या फोल्डरागणिक आणि बारकाईने वाटलेल्या, सात प्रकारच्या : वाचणे, यादी पाहणे, नवी फाइल टाकणे, काढून टाकणे, बदलणे, कुलूप लावणे आणि परवानग्या ठरवणे. यांतली ‘टाकणे’ ही परवानगी वेगळी ठेवली, हे मला फार सुंदर वाटते. मास्तर एक फोल्डर करतात. विद्यार्थी त्यात गृहपाठ टाकू शकतो, पण दुसऱ्याने टाकलेला वाचू शकत नाही. टपालपेटीच ती, आणि तिच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागला नाही.

एमआयटीतल्या विद्यार्थ्याच्या घरात ‘ओल्डफाइल्स’ नावाचा आणखी एक फोल्डर असे. रोज रात्री अख्ख्या व्हॉल्यूमची एक गोठवलेली प्रत निघे. ती जागाही फारशी खात नसे, कारण न बदललेला मजकूर दोन्हींत एकच असे. बदल झाला, तेवढ्याचीच जुनी प्रत वेगळी ठेवली जाई. चुकून प्रबंधाचे प्रकरण पुसले, तर कोणाकडे अर्ज करायला नको, रात्रपाळीच्या माणसाला उठवायला नको. ओल्डफाइल्समध्ये जायचे, कालचे प्रकरण उचलायचे आणि आपल्या जागी आणून ठेवायचे. आज सकाळपासून लिहिलेली पाने मात्र तिथे नसत. तेवढी पुन्हा लिहायची.