शुष्क विद्युत् घट : क्रिया आणि संज्ञा

विजेरीत घालावयाच्या साध्या ‘सेल’ला शास्त्रीय मराठीत ‘शुष्क विद्युत् घट’ म्हणतात. ह्यातील ‘शुष्क’ हे विशेषण शब्दशः घेता येत नाही. कारण हा घट ओलाव्यावाचून चालतच नाही. लक्लांशे ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये सिद्ध केलेल्या घटात नवसागराचे द्रावण होते. पुढे कार्ल गासनर ह्याने ते प्लास्टरमध्ये कालवून घट्ट केले व १८८६ मध्ये त्याचे एकस्व घेतले. तेव्हा ‘शुष्क’ म्हणजे ‘न सांडणारा’, एवढाच येथे अर्थ.

जस्त-कार्बन घटाचे पात्रच जस्ताचे असते. मध्यभागी कार्बनची कांडी व तिच्याभोवती मँगॅनीज डाय-ऑक्साइड आणि कार्बनची पूड ह्यांचे मिश्रण असते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपाने ओलसर लगद्यात उतरतो. लगद्यातून इलेक्ट्रॉनांना वाट नसते. म्हणून ते बाहेरच्या तारेने, दिव्यातून, कांडीकडे जातात. तेथे मँगॅनीज डाय-ऑक्साइड त्यांचा स्वीकार करतो. आत आयनांची ये-जा होऊन मंडल पूर्ण होते. अशा रीतीने द्रव्यांतील रासायनिक ऊर्जा विद्युत् रूपाने प्रकट होते. नव्या घटाचा दाब सुमारे १.५ व्होल्ट असतो. तो द्रव्यांवर अवलंबून असतो, आकारावर नव्हे. मोठा घट केवळ अधिक काळ पुरतो. वापराबरोबर जस्त झिजते. उलट प्रवाह दिल्याने ते पूर्ववत जागेवर येत नाही. उलट आत वायू साचून घट फुटण्याचा संभव असतो.

आता संज्ञांचा प्रश्न. ‘ॲनोड’ला ‘धनाग्र’ आणि ‘कॅथोड’ला ‘ऋणाग्र’ हे मराठी पर्याय रूढ आहेत. विद्युत् विच्छेदनाच्या पात्रात ते यथार्थ ठरतात. परंतु ॲनोड म्हणजे जेथे ऑक्सिडीकरण घडते ते अग्र. घटात ते जस्तावर घडते, आणि जस्त तर घटाचे ऋण टोक! परिणामी ‘धनाग्र ऋण असते’ असे विसंगत विधान विद्यार्थ्यास पाठ करावे लागते. हा दोष मूळ शब्दांचा नव्हे. विल्यम ह्यूएल ह्याच्या सल्ल्याने फॅरेडेने १८३४ मध्ये योजिलेले हे ग्रीक शब्द ‘वर जाणारी वाट’ व ‘खाली जाणारी वाट’ एवढेच सुचवितात. त्यांत धन-ऋणाचा निर्देश नाही. तो पर्याय घडविताना शिरला. म्हणून घटाच्या विवेचनात ‘ऑक्सिडीकरण-अग्र’ व ‘क्षपण-अग्र’ अशी क्रियावाचक नावे योजावीत आणि ‘धन’, ‘ऋण’ ही विशेषणे टोकांसाठीच राखून ठेवावीत, हे इष्ट होय.