चूक इंग्रजीत, मूळ मराठीत!

मुलांनो, आधी वही-पेन्सिल घेऊन बसा. खाली एक पत्र दिलं आहे. भाच्यानं मामाला लिहिलेलं. पत्र इंग्रजीत आहे, पण मी ते मुद्दाम देवनागरीत छापायला दिलं. इंग्रजी अक्षरं दिसली की आपण स्पेलिंगच्या मागे लागतो आणि वाक्याकडे दुर्लक्ष होतं. (देवनागरीचा आणखी एक फायदा आहे, तो पुढे सांगतो.) पत्र मोठ्यानं वाचा आणि जिथे खटकेल तिथे खूण करा.

"डिअर मामा, टुडे मॉर्निंग आय गेव्ह माय इंग्लिश एक्झाम. दो पेपर वॉज हार्ड, बट आय आन्सर्ड एव्हरी क्वेश्चन. माय हेड वॉज पेनिंग. आफ्टर एक्झाम आय कट माय हेअर्स. बाबा इज अँग्री ऑन मी, बिकॉज यस्टरडे नाइट आय डिड नॉट क्लोज्ड द लाइट. आय ॲम लर्निंग चेस सिन्स टू इयर्स. वन ऑफ माय फ्रेंड इज टीचिंग मी. व्हेन यू विल कम, वी विल डिस्कस अबाउट इट. आय डोंट नो व्हेन इज युअर हॉलिडे."

झालं वाचून? किती खुणा झाल्या? डझनापेक्षा कमी असतील तर परत एकदा वाचा.

हे पत्र कोणा एका मुलाचं नाही बरं का. मराठी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांच्या ज्या चुका हमखास होतात त्या मी एका माळेत ओवल्या आहेत. आणि गंमत म्हणजे यातली जवळजवळ प्रत्येक चूक अगदी शहाणी चूक आहे! कशी ते बघू या.

पहिलं वाक्य घ्या. "आज सकाळी मी इंग्रजीची परीक्षा दिली." मराठीत काही चुकलं? काहीच नाही. आज म्हणजे टुडे, सकाळ म्हणजे मॉर्निंग, दिली म्हणजे गेव्ह. एकेक शब्द बरोबर ठेवला, तरी वाक्य चुकलं. कारण इंग्रजीत "आज सकाळी" असं म्हणतच नाहीत, "ही सकाळ" म्हणतात. धिस मॉर्निंग. "काल रात्री"चं लास्ट नाइट. आणि परीक्षेच्या बाबतीत तर देवाणघेवाण उलटीच आहे. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा "टेक" करतो आणि शिक्षक ती "गिव्ह" करतात. म्हणजे आपल्या भाच्यानं मामाला कळवलंय की आज सकाळी मी मास्तर होतो!

"माय हेड वॉज पेनिंग"च्या मागे कोण लपलंय ते तुम्ही ओळखलंच असेल. "माझं डोकं दुखत होतं." मराठीत डोकं दुखतं, पोट दुखतं, दात दुखतो. इंग्रजीत माणसाला डोकेदुखी "असते". आय हॅड अ हेडेक.

या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे. मी मराठी माध्यमातला. अकरावीला शहरातल्या कॉलेजात गेलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी उशिराचं कारण विचारलं. मी उभा राहून ऐटीत म्हणालो, "सर, टुडे मॉर्निंग माय हेड वॉज पेनिंग." सगळा वर्ग हसला. सरही हसले. बस्स. त्यानंतर पुरतं एक वर्ष मी मागच्या बाकावर बसून काढलं, आणि हजेरीच्या "प्रेझेंट सर"खेरीज इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. उत्तरं येत असायची, पण हात वर जायचा नाही. मला वाटायचं, आपल्याला अक्कल कमी. माझ्या डोक्यात मराठीचं व्याकरण पक्कं आहे आणि तेच इंग्रजी शब्दांचा कोट घालून बाहेर पडतंय, हे मला कोणी त्या दिवशी सांगितलं असतं तर!

तेव्हा आता तुम्ही एक करायचं. इंग्रजी वाक्य लिहिलं की त्याच्या मागचं मराठी वाक्य हुडकायचं. शब्दाला शब्द तंतोतंत जुळला की सावध व्हायचं. दर वेळी चूक असेलच असं नाही, पण बहुतेक चोर तिथेच सापडतात.

चला, पुढचे चोर पकडू. "जरी पेपर कठीण होता, तरी मी सगळे प्रश्न सोडवले." मराठीला जोडीजोडीनं चालायला आवडतं. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो, ज्याअर्थी-त्याअर्थी. एक आला की दुसऱ्यानं यायलाच हवं, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत मात्र एकानंच भागतं. "दो" घेतलं की "बट" नको, "बट" घेतलं की "दो" नको. रजेच्या अर्जात "ॲज आय वॉज इल, सो आय कुड नॉट कम" असं किती जणांनी लिहिलंय? हात वर करा! तिथेही हीच जोडी घुसली आहे, "ज्याअर्थी-त्याअर्थी"ची. "ॲज" ठेवा, "सो"ला घरी पाठवा.

"तू येशील तेव्हा आपण बोलू." येशील हा भविष्यकाळ आणि बोलू हाही पुढचाच. म्हणून भाच्यानं दोन्हीकडे "विल" घातलं. इंग्रजीत "व्हेन"च्या तुकड्यात साधा वर्तमानकाळ बसतो आणि "विल" एकदाच, दुसऱ्या तुकड्यात येतं. व्हेन यू कम, वी विल... तसंच "इफ"चं. इफ इट रेन्स, वी विल स्टे होम.

आता केस! मराठीत केस अनेकवचनी. "माझे केस वाढलेत." इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच "हेअर". आमटीत दोन केस सापडले तरच "टू हेअर्स" म्हणायचं. पण खरी मजा पुढे आहे. "मी केस कापले" असं आपण बिनधास्त म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की कापले न्हाव्यानं. इंग्रजीत "आय कट माय हेअर" म्हटलं की समोरच्याला वाटतं, यानं आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. आय हॅड माय हेअर कट, म्हणजे मी कापवून घेतले.

अशी मोजामोजीची गडबड "ॲडव्हाइस"मध्येही होते. मराठीत सल्ला एक, सल्ले दोन, म्हणून आपण "ॲडव्हाइसेस" लिहून मोकळे होतो. इंग्रजीत सल्ला मोजत नाहीत. पण "इन्फर्मेशन्स" कशाला लिहायचं? तिथे तर मराठीच मदतीला आहे. दोन माहित्या, तीन माहित्या असं तुम्ही कधी म्हणता का? नाही ना? मग इन्फर्मेशनलाही एस नको.

"बंद" हा शब्द आपल्याकडे भलताच कामसू आहे. दार बंद, दिवा बंद, दुकान बंद, घड्याळ बंद पडलं, आणि संप-मोर्चावाले पुकारतात तोही बंद. इंग्रजीत दार क्लोज करतात, दिवा स्विच ऑफ करतात आणि घड्याळ स्टॉप होतं. "क्लोज द लाइट" म्हणजे दिव्याला कडी घालण्यासारखं झालं.

त्याच वाक्यात "डिड नॉट क्लोज्ड" आहे. मराठीत "बंद केला नाही" म्हणताना "केला" भूतकाळातच राहतो. इंग्रजीत "डिड" आला की भूतकाळाचं ओझं त्यानं उचललेलं असतं, क्रियापदाला परत उचलायला लावू नका. डिड यू वेंट नाही, डिड यू गो.

"बाबा माझ्यावर रागावले." टेबलावरचं पुस्तक ऑन द टेबल, मग माझ्यावरचा राग ऑन मी का नको? तर्क बिनतोड आहे, पण इंग्रजी म्हणतं अँग्री विथ मी. लग्न आपण कोणाशी तरी करतो, इंग्रजीत ते मॅरिड टू. आपण वाघाला भितो, तिथे अफ्रेड ऑफ. याला नियमबियम शोधू नका, वेळ फुकट जाईल. शब्द पाठ करताना त्याचा जोडीदार शब्दही पाठ करा, एवढाच इलाज. "डिस्कस" मात्र एकटाच हिंडणारा आहे. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून त्याच्या मागे "अबाउट" जोडतो. त्याला ते नको असतं.

"मी दोन वर्षांपासून बुद्धिबळ शिकतोय." या वाक्याने भल्याभल्यांना लोळवलं आहे, कारण इथे चोर दोन आहेत. एक म्हणजे "शिकतोय", जे सरळ "आय ॲम लर्निंग" होऊन बसतं. काम मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, तर इंग्रजीला "हॅव बीन लर्निंग" लागतं. दुसरा चोर "पासून". मराठीत सोमवारपासून आणि पाच दिवसांपासून, दोन्हीकडे एकच पासून. इंग्रजीत सुरुवात कुठून झाली ते सांगायचं तर "सिन्स" आणि किती काळ गेला ते सांगायचं तर "फॉर". सिन्स मंडे, फॉर फाइव्ह डेज.

"वन ऑफ माय फ्रेंड"च्या मागे "माझा एक मित्र" आहे. "माझ्या मित्रांपैकी एक" असं मराठी मनात आणलं, तर "फ्रेंड्स" आपोआप येईल. शेवटचं वाक्य राहिलं. "व्हेन इज युअर हॉलिडे?" हा सरळ प्रश्न म्हणून उत्तम. पण "मला माहीत नाही"च्या पोटात शिरला की तो प्रश्न राहत नाही, मग शब्द सरळ रांगेत लावायचे. व्हेन युअर हॉलिडे इज.

आणि पेपरच्या आधीचा "द"? "अ", "ॲन", "द" ही मंडळी मराठीत नाहीतच, म्हणून आपण त्यांना विसरतो. रशियन भाषेतही ती नाहीत, तिथली मुलंही विसरतात. फ्रेंच मुलांना "आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स" म्हणायचा मोह होतो, कारण त्यांच्या भाषेत वय "असतं". आणि मराठी शिकायला आलेल्या इंग्रज माणसाला विचारा, टेबल ते, खुर्ची ती आणि पंखा तो का? घाम फुटेल त्याला! खुद्द इंग्लंडातली मुलं "कुड हॅव"च्या जागी "कुड ऑफ" लिहितात. त्यांची चूक कानातून येते, आपली भाषांतरातून.

हं, तो देवनागरीचा फायदा राहिला. "अ" की "ॲन", हे ठरतं उच्चारावरून, आणि उच्चार आपली लिपी चांगला दाखवते. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. अवर: ॲन अवर. ऑनेस्ट: ॲन ऑनेस्ट मॅन. युनिफॉर्म: य आला, म्हणून अ युनिफॉर्म. एस.टी. बस: ॲन एस.टी. बस! स्पेलिंग बघणारे इथे हमखास फसतात. एकच शब्द जपून. वर्ष आणि कान, दोन्हीला आपण "इयर" लिहितो. पण वर्षाच्या सुरुवातीला बारीकसा य आहे, म्हणून अ यिअर. कानाला मात्र ॲन इयर.

आई-बाबांसाठी दोन शब्द. २००० सालापर्यंत महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीत भेटायचं, नंतर ते पहिलीपासून आलं. तुमच्यापैकी अनेकांना आजही चारचौघांत इंग्रजी बोलताना धाकधूक होते, ती मुलांच्या अंगी उतरवू नका. मूल बोलत असताना मध्येच तोडून दुरुस्ती करू नका. वाक्य पुरं होऊ द्या, मग त्याच्या मागचं मराठी वाक्य दोघांनी मिळून शोधा. आणि प्रत्येक वेगळी गोष्ट चूकच असते असंही नाही. "प्रीपोन" हा शब्द आपल्याकडचा. त्यावर पूर्वी नाकं मुरडली जायची, आता तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे.

आता तेच पत्र दुरुस्त करून देतो. पण एक चूक मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. ती कोणती आणि तिच्या मागचं मराठी काय, ते वर येऊन गेलं आहे. शोधा बघू!

"डिअर मामा, धिस मॉर्निंग आय टुक माय इंग्लिश एक्झाम. दो द पेपर वॉज हार्ड, आय आन्सर्ड एव्हरी क्वेश्चन. आय हॅड अ हेडेक. आफ्टर द एक्झाम आय हॅड माय हेअर कट. बाबा इज अँग्री विथ मी, बिकॉज लास्ट नाइट आय डिड नॉट स्विच ऑफ द लाइट. आय हॅव बीन लर्निंग चेस फॉर टू इयर्स. वन ऑफ माय फ्रेंड्स इज टीचिंग मी. व्हेन यू कम, वी विल डिस्कस अबाउट इट. आय डोंट नो व्हेन युअर हॉलिडे इज."