तऱ्हाळ्याची नाणी आणि खरं-खोटं

मंगरूळपीर तालुक्यातलं तऱ्हाळा. १९३९ मध्ये इथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, सुमारे १६०० नाणी! तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता. म. म. वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण, शक सातकर्णी हे राजे उजेडात आले. नाणकशास्त्राची खरी ताकद ही.

ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रणाची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरं, दुसरीकडे 'उज्जैन चिन्ह': अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. राजाचं नाव एका नाण्यावर क्वचितच पूर्ण मिळतं. दोन-चार नाणी शेजारी ठेवून अक्षरं जुळवावी लागतात. म्हणून विक्रेत्याकडच्या नाण्यावर नाव ठसठशीत, पूर्ण असेल तर मला आधी शंकाच येते.

भिंगातून कड बघा. साच्याच्या जोडाची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे, किंवा दोन नाण्यांवर हुबेहूब तोच ओरखडा दिसला तर सावध व्हा. नुसत्या वजनावर मात्र जाऊ नका, झीज आणि गंज त्यात फरक पाडतात.

आणि कृपा करून चिंच-लिंबाने घासू नका! वरचा जुना थर गेला की पुरावाही गेला. शेतात नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्याआधी जागेवरच फोटो काढा, मडकं फुटलेलं असलं तरी खापरं टाकू नका.